गेले कोण आणि आले कोण: ‘इन्स्टेड’ शिकवणाऱ्या टिळकवाडीतील एका इंग्रजी वर्गाविषयी

बेळगावच्या उद्यमबागेतील एका लहान फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, कार्यालयात मी पत्रव्यवहार आणि डिस्पॅच पाहतो. मागच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा मेल आला. त्यांच्या ऑर्डरीत दोन नग होते. बेअरिंगचे हाउसिंग एफजी २०० मध्ये आणि त्याचे कव्हर एफजी २६० मध्ये ओतायचे होते. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो की एफजी ही बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, प्रत असते आणि पुढचा आकडा म्हणजे ते बीड तुटण्यापूर्वी निदान किती मेगापास्कल ताण सोसेल त्याची हमी, त्यामुळे २६० हे २०० पेक्षा भारी. मेलमधले वाक्य असे होते: ‘प्लीज सब्स्टिट्यूट एफजी २६० फॉर एफजी २०० इन धिस लॉट.’ मी ते वाक्य ज्या क्रमाने वाचले त्याच क्रमाने मनात मराठीत उतरवले आणि खाली शॉपवर, म्हणजे ओतकाम चालते तिथे, जाऊन सांगितले, “या लॉटला २६० च्या जागी २०० ओता.” गिऱ्हाइकाला नेमके उलट हवे होते. दोन्ही नग हलक्या बिडात ओतले गेले, टेस्ट बार, म्हणजे तपासणीसाठी त्याच बिडाचा ओतलेला नमुना, पुण्यात फेल गेला आणि चौसष्ट कास्टिंगे परत येऊन आमच्याच भट्टीत पुन्हा वितळली. मालकांनी आवाज चढवला नाही. “अवो, एवढं इंग्रजी तर येतंय की तुम्हाला,” एवढेच ते म्हणाले, आणि आवाज चढवला असता तर जितके लागले असते त्याहून ते मला जास्त लागले.

जून महिन्यात मी टिळकवाडीतील प्रौढांसाठीच्या एका इंग्रजी वर्गात नाव घातले, आणि तीन महिने पुरे करून आता त्याचे हे परीक्षण लिहीत आहे. वर्गाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही उणी बोलणी येणार आहेत आणि वर्ग चालवणाऱ्यांचे पोट त्यावर आहे. ज्यांना चौकशी करायची आहे त्यांना रेल्वे फाटकाच्या बाजूला विचारल्यास तो सापडेल. परीक्षणाची माझी रीत थोडी निराळी आहे. तीन महिन्यांत तिथे काळ, प्रयोग, मुलाखत, टेलिफोनवरचे बोलणे असे पुष्कळ काही झाले; पण मी ज्या एका अडचणीपायी गेलो होतो, ती म्हणजे एका वस्तूच्या जागी दुसरी येण्याची भाषा, आणि त्या भाषेचा मुख्य शब्द ‘इन्स्टेड’ तिथे कसा शिकवला जातो यावरूनच मी वर्गाची किंमत करणार आहे. दुकानात तांदूळ घेताना आपण सगळे पोते उपसत नाही, मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहतो, तसेच हे समजावे.

आधी बाहेरचे थोडे. एका जुन्या घराच्या माडीवर पत्र्याखाली बावीस खुर्च्या, आठवड्यातून तीन संध्याकाळी, सात ते साडेआठ. शुल्क तीन महिन्यांचे ३,६०० रुपये, दोन हप्त्यांत. जुलैच्या पावसात पत्र्यावर असा काही ताशा वाजतो की मॅडमचे ओठ हलताना दिसतात आणि इंग्रजी आहे की कन्नड हे कळत नाही. खानापूरकडच्या लोकांना परतीची बस गाठायची असल्यामुळे आठ वाजून वीस मिनिटांनंतर अर्धा वर्ग घड्याळाकडे पाहू लागतो. दुचाकी लावायला जागा आहे, चारचाकीला नाही.

‘इन्स्टेड’चा तास चौथ्या आठवड्यात आला. मॅडमनी फळ्यावर काहीही न लिहिता एक रिकामी खुर्ची पुढे मांडली आणि पहिल्या रांगेतील निवृत्त गृहस्थांना तीवर बसवले. मग बैलहोंगलहून नोकरीसाठी आलेल्या एका मुलीला त्यांच्यापुढे उभे केले, गृहस्थांना उठवले, मुलीला बसवले आणि सगळ्यांना विचारले, “गेलं कोण? आलं कोण?” इतके झाल्यावरच शब्द आला. ‘स्टेड’ म्हणजे जागा, असे त्यांनी सांगितले. ‘इन स्टेड’ म्हणजे जागेत, जागी. हे दोन शब्द पूर्वी सुटे लिहिले जात, सतराव्या शतकात ते जोडून लिहिण्याची रीत रुळली. ‘होमस्टेड’ म्हणजे घरदार जिथे उभे आहे ती जागा, ‘बेडस्टेड’ म्हणजे अंथरूण ज्यावर घालायचे तो पलंगाचा सांगाडा, ‘स्टेडफास्ट’ म्हणजे जागचा न हलणारा. एकदा ही जागा डोळ्यांपुढे आली की ‘इन्स्टेड’ हा पाठ करण्याचा शब्द राहत नाही, कारण आपणही रोज ‘त्याच्या जागी’ असेच म्हणतो. कारखान्यात नोटिशीच्या मुदतीऐवजी पगार देतात त्याला कागदोपत्री ‘पे इन लियू ऑफ नोटीस’ म्हणतात. त्यातला ‘लियू’ फ्रेंचमधून आलेला असून त्याचाही अर्थ जागाच होतो. हे शेवटचे मॅडमनी जाता जाता सांगितले, पण माझ्यासारख्या ज्याने असे कागद वर्षानुवर्षे टाइप केले आहेत आणि ‘लियू’ हे कुठल्या तरी रकमेचे नाव असावे असे धरून चालला आहे, त्याला ते फार उपयोगी पडले.

त्या निवृत्त गृहस्थांनी, जे हायस्कुलात संस्कृत शिकवत होते, खुर्चीवरून उठता उठता एक सूत्र म्हटले: ‘षष्ठी स्थानेयोगा’. पाणिनीच्या अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादातले ते सूत्र आहे, आणि त्याचा अर्थ असा की व्याकरणाच्या नियमात जिथे षष्ठी विभक्ती आलेली असेल आणि दुसरा काही संबंध सांगितलेला नसेल, तिथे ती ‘च्या स्थानी’ असे सांगते. म्हणजे ज्याला षष्ठी लागली तो जाणार आणि त्याच्या जागी दुसरा येणार. जाणाऱ्याला स्थानी म्हणतात आणि येणाऱ्याला आदेश. वर्गाला त्यातले फारसे कळले नाही, मॅडमही हसून पुढे गेल्या, पण घरी जाताना मला ते सूत्र सोडीना. ‘चहाच्या ऐवजी’ म्हणताना आपण चहाला षष्ठी लावतो. इंग्रजीत ‘इन्स्टेड ऑफ टी’ म्हणताना ‘ऑफ’ तेच काम करतो. दोन्हीकडे ज्याला ती खूण लागते तो बाहेर पडतो. माझ्या चौसष्ट कास्टिंगांचे उत्तर इतके जवळ होते.

यानंतर मॅडमनी जे केले त्यासाठी या वर्गाला मी पूर्ण गुण देतो. त्यांनी फळ्यावर तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या. मराठीत ‘चहाऐवजी कॉफी द्या’, कन्नडमध्ये ‘चहाद बदलु काफी कोड्री’, इंग्रजीत ‘गिव्ह मी कॉफी इन्स्टेड ऑफ टी’. मग खडूने प्रत्येक ओळीतल्या चहाभोवती गोल काढला. मराठीत आणि कन्नडमध्ये चहा आधी येतो, इंग्रजीत शेवटी जातो. आपल्या दोन्ही भाषांची घरे वेगळी, एक संस्कृतातून उतरलेली आणि दुसरी द्राविडी, पण इथे दोघींची चाल एकच आहे: जो गेला त्याचे नाव आधी घ्यायचे, जो आला त्याचे मग. इंग्रजी बहुधा उलटी चालते. म्हणून बेळगावात मराठी बोलणारा आणि कन्नड बोलणारा दोघेही एकाच जागी एकाच तऱ्हेने चुकतात, आणि म्हणूनच आमच्या वर्गात त्या तासाला दोन्ही बाजूंनी एकदमच “हां!” असा आवाज उठला. असा एकमुखी आवाज या गावात सहसा ऐकू येत नाही. शब्दकोशात ‘इन्स्टेड ऑफ’पुढे ‘ऐवजी’ लिहून ठेवणाऱ्याने शब्द दिला, पण क्रम फिरतो हे सांगितले नाही, आणि चूक होते ती क्रमामुळेच. मॅडमनी दिलेली खूण सोपी आहे: ‘ऑफ’च्या मागून जे येते ते गेले.

‘बदलु’ आणि आपले ‘बदली’ यांचे मूळ एकच, अरबी ‘बदल’. आणि ‘ऐवजी’ही तिकडचाच, फारसीच्या वाटेने आलेला ‘इवज’, ज्याचा अर्थ मोबदला. पुढे मराठीत ‘ऐवज’ म्हणजे किमती वस्तू असाही अर्थ रुळला, आणि वर्तमानपत्रात चोरटे नेहमी ‘ऐवज’च लांबवतात. हे मॅडमनी सांगितलेले नाही, माझ्या हौसेने मी शोधले आहे. पण सांगण्याचे कारण असे की वर्गातल्या एका तरुणाने ‘ऐवजी’ हा शुद्ध मराठी शब्द आणि ‘बदली’ हा कानडीचा असा हट्ट धरला होता, आणि मॅडमकडे त्यावर उत्तर नव्हते.

आता उणे. वर्गात एक छापील पुस्तिका देतात, तिचे वेगळे ५० रुपये. तिच्यात ‘इन्स्टेड’ या शब्दापुढे एकच शब्द आहे, ‘ऐवजी’, आणि खाली दहा रिकाम्या जागा भरायच्या आहेत. मराठीत ‘इन्स्टेड’चे काम एकटा ‘ऐवजी’ करत नाही, हे पुस्तिका लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलेले दिसत नाही. नुसता अदलाबदल सांगायचा असेल, तक्रार नसेल, तर ‘ऐवजी’ चालतो: बसऐवजी रेल्वेने आलो. पण घरातली आई जेव्हा मुलावर चिडते तेव्हा ती ‘अभ्यास करण्याऐवजी तू मोबाईल बघत आहेस’ असे कधी म्हणेल का? ती म्हणते, “अभ्यास करायचा सोडून मोबाईल बघत बसलायस.” तो ‘सोडून’ म्हणजे ‘इन्स्टेड ऑफ’च, पण त्यात राग आहे, जे करायला हवे होते ते टाकले याचा ठपका आहे. एखाद्याने माफी मागायला हवी होती आणि तो आपल्यावरच ओरडला, तर इंग्रजीत ‘ही डिड नॉट अपोलोजाइज. इन्स्टेड, ही शाउटेड अ‍ॅट मी’ होते, मराठीत तिथे ‘उलट’ येतो: माफी राहिली बाजूला, उलट माझ्यावरच ओरडला. आणि कोणी सल्ला देत असेल की गणपत गल्लीत आता गर्दी असेल, गाडी घेऊन कशाला जाता, तर तो म्हणतो, “त्यापेक्षा चालत जावा की.” तोही ‘इन्स्टेड’च, ‘वॉक इन्स्टेड’, पण आपण तिथे तुलनेचा शब्द घालतो, जणू दोन गोष्टी तराजूत टाकून एक उचलली. म्हणजे मराठीतल्या चार शब्दांचे काम इंग्रजीचा एक शब्द करतो, आणि त्याचा उलटा तोटा असा की आपण मराठीतून विचार करताना ‘सोडून’ मनात असेल तर ‘लीव्हिंग’ म्हणून मोकळे होतो. आमच्याच वर्गात एका दुकानदाराने ‘लीव्हिंग स्टडी ही इज सीइंग मोबाईल’ असे वाक्य केले, आणि मॅडमनी ‘सीइंग’च्या जागी ‘वॉचिंग’ घालून दिले, पण ‘लीव्हिंग’ तसेच ठेवले. त्या क्षणी त्यांनी ‘सोडून’ हा शब्द ओळखला असता तर तो तास सोन्याचा झाला असता.

दुसरी उणीव याहून बारीक आहे. ‘इन्स्टेड ऑफ’नंतर क्रियापद आले तर ते ‘गोइंग’, ‘टेकिंग’ असे येते, ‘टू गो’ येत नाही. हा नियम मॅडमनी ‘प्रिपोझिशनच्या पुढे जिरंड’ या नावाने पाठ करायला लावला. वर्गात सात-आठ जणांनी तो पाठ केला आणि पुढच्याच वाक्यात ‘इन्स्टेड ऑफ टू गो’ म्हटले. खरे तर मराठी माणसाला हा नियम शिकवायचीच गरज नाही, कारण तो ‘जाण्याऐवजी’ म्हणताना आधीच ‘जाणे’ या क्रियापदाचे नाम करून त्याला विभक्तीचे रूप देत असतो. ‘जाणे’ म्हणजे ‘गोइंग’, ‘घेणे’ म्हणजे ‘टेकिंग’, एवढे एकदा फळ्यावर मांडले असते तर ‘टू’ आपोआप गळून पडला असता. ज्या मॅडम चहा आणि कॉफीच्या वेळी मराठी आणि कन्नड इतक्या कुशलतेने वापरतात, त्यांनीच इथे आमच्या भाषा बाजूला ठेवून इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातला शब्द का पुढे केला, हे मला अजून कळलेले नाही.

नुसता ‘इन्स्टेड’, ‘ऑफ’ शिवाय, वाक्याच्या शेवटी किंवा सुरुवातीला येतो, हा भाग त्यांनी नीट घेतला. ‘द बस वॉज कॅन्सल्ड, सो आय टुक द ट्रेन इन्स्टेड.’ इथे कोण गेले ते आधीच्या तुकड्यात सांगून झालेले असते, म्हणून पुन्हा सांगावे लागत नाही. मराठीत ‘ऐवजी’ एकटा उभा राहत नाही, त्याला ‘त्या’चा आधार लागतो: ‘त्याऐवजी’. या सवयीमुळे आपल्यातले पुष्कळ जण वाक्य ‘आय टुक द ट्रेन इन्स्टेड ऑफ’ असे अर्धवट लटकत ठेवतात, किंवा दर वेळी ‘इन्स्टेड ऑफ दॅट’ असे लांबवतात. मॅडमनी प्रत्येकाला एक रद्द झालेली गोष्ट आणि तिच्या जागची दुसरी गोष्ट सांगायला लावली. कोणाचे लग्नाचे कार्यालय बदलले होते, कोणाला खानापूरला जायचे ते नंदगडला जावे लागले होते, एका बाईंनी पुरणपोळीसाठी आणलेला गूळ संपला म्हणून साखर घातल्याची कबुली दिली आणि सगळ्या वर्गाने ‘ओ!’ केले. पाऊण तासात बावीस वाक्ये झाली आणि एकही लटकले नाही. सुरुवातीला आलेल्या ‘इन्स्टेड’नंतर लिहिताना स्वल्पविराम द्यावा, आणि दोन पुरी वाक्ये नुसत्या ‘इन्स्टेड’ने जोडू नयेत, त्यांच्यामध्ये पूर्णविराम, अर्धविराम किंवा ‘बट’ घालावा, हेही त्यांनी सांगितले, पण सांगितले तेवढेच. लिहून कोणी घेतले नाही.

एक तास मात्र वाया गेला. मॅडम गावाला गेल्या म्हणून त्यांच्या जागी दुसरे शिक्षक आले होते. (‘इन्स्टेड’ शिकवणाऱ्या वर्गात हे व्हावे यावर त्या दिवशी बरेच विनोद झाले.) त्यांनी ‘इन्स्टेड ऑफ’, ‘इन स्पाइट ऑफ’ आणि ‘ऑन बिहाफ ऑफ’ ही तीन पदे एका श्वासात घेतली आणि प्रत्येकाची पाच वाक्ये म्हणायला लावली. तिन्हींच्या शेवटी ‘ऑफ’ आहे एवढे एकच साम्य लक्षात राहिले. एका पतसंस्थेत काम करणाऱ्या गृहस्थांना पत्रावर अध्यक्षांच्या वतीने सही करायची असते. त्यांनी ‘इन्स्टेड ऑफ द चेअरमन’ लिहिले तर चालेल का असे विचारले, आणि या शिक्षकांनी चालेल म्हणून सांगितले. चालणार नाही. वतीने सही करणारा अध्यक्षांचा माणूस असतो, अध्यक्ष खुर्चीवरच असतात. ‘इन्स्टेड’ म्हटले की अध्यक्ष उठले आणि खुर्चीवर दुसरा बसला. मॅडमची रिकामी खुर्ची त्या दिवशी कोपऱ्यात पडून होती. ती पुढे ओढली असती तर हा घोळ झाला नसता.

मॅडम परत आल्यावर त्यांनी उदाहरण म्हणून आणखी एक वाक्य दिले: ‘सिन्स २०१४ द बोर्ड्स से बेळगावी इन्स्टेड ऑफ बेलगाम.’ वाक्य निर्दोष होते. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातील बारा शहरांची सरकारी नावे बदलली, त्यात आपले गावही होते, हे खरेच आहे. पण वर्गात दोन्ही भाषांचे लोक खांद्याला खांदा लावून बसलेले, आणि १ नोव्हेंबर ही तारीख इथे एकाचा राज्योत्सव आणि दुसऱ्याचा काळा दिवस. तेव्हा क्षणभर पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू आला. मग बैलहोंगलच्या मुलीनेच हळूच विचारले की या वाक्यात ‘ऑफ’च्या मागून जे येते ते खरेच गेले का, आणि संस्कृतच्या गुरुजींसकट सगळे हसले. व्याकरणाच्या दृष्टीने प्रश्न योग्य होता: पाटीवरून गेले, बोलण्यातून नाही.

मला ज्याने वर्गात आणले तो ‘सब्स्टिट्यूट’ शेवटपर्यंत अभ्यासक्रमात आला नाही. शेवटच्या आठवड्यात मीच विचारले. मॅडमनी तासानंतर थांबून दहा मिनिटे समजावले, आणि ती दहा मिनिटे या सगळ्या शुल्काची होती असे मला वाटते. ‘सब्स्टिट्यूट अ फॉर ब’ म्हणजे अ आला, ब गेला. ‘रिप्लेस अ विथ ब’ किंवा ‘बाय ब’ म्हणजे अ गेला, ब आला. दोन्हीत दोनच वस्तू, पण पहिला आणि दुसरा यांचे काम उलटे. त्यातच अलीकडे, विशेषतः फुटबॉलच्या भाषेत, ‘सब्स्टिट्यूट अ विथ ब’ असेही म्हणतात आणि तिथे अ बाहेर जातो. म्हणजे एकाच क्रियापदामागे ‘फॉर’ आले की एक अर्थ आणि ‘विथ’ आले की बरोबर उलटा. ज्याला जोखीम नको त्याने ते क्रियापदच टाळावे आणि ‘इन्स्टेड ऑफ’ लिहावे, कारण त्यात ‘ऑफ’च्या मागून येणारे जाते याला अपवाद नाही. मी त्यांना म्हटले की हे पहिल्या महिन्यात सांगितले असते तर बरे झाले असते. त्या म्हणाल्या, “पहिल्या महिन्यात तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं की.” यावर मला बोलता आले नाही.

ऑगस्टच्या शेवटी त्याच गिऱ्हाइकाचा पुन्हा तसाच मेल आला, या वेळी एका पुलीसाठी, आणि पुन्हा ‘सब्स्टिट्यूट’. मी उत्तरात एकच ओळ लिहिली: ‘यू वॉन्ट २६० इन्स्टेड ऑफ २००, करेक्ट?’ चार मिनिटांत ‘करेक्ट’ असे उत्तर आले, आणि मगच मी खाली शॉपवर गेलो. भट्टीजवळच्या पाटीवर आता २०० या आकड्यावर काट मारून २६० लिहिलेले असते. नुसते ‘जागी’ म्हणायचे नाही असा आमचा नियम झाला आहे.

कोणी विचारले की या वर्गाला जावे का, तर बोलण्यासाठी जावे, आणि मॅडमच्या बॅचलाच जावे. नाव घालताना त्या किती तास स्वतः घेणार हे विचारून घ्यावे. कचेरीतल्या मेलसाठी, टेंडरसाठी, पत्रासाठी जायचे असेल तर इथे लिखाण तपासून मिळत नाही हे धरून जावे. तीन महिन्यांत वहीत काय लिहिले ते कोणी उघडून पाहिले नाही. पुस्तिका घेतली नाही तरी चालेल.

शेवटच्या दिवशी सूचनांसाठी चिठ्ठ्या वाटल्या होत्या. लेखनाचा एक तास वाढवावा असे मला सुचवायचे होते, म्हणून मी इंग्रजीत लिहिले: ‘इन्स्टेड ऑफ टू स्पीक ओन्ली, वुई शुड ऑल्सो राइट.’ मॅडमनी ती चिठ्ठी तिथेच वाचली, लाल पेन काढले, ‘टू स्पीक’ खोडून वर ‘स्पीकिंग’ लिहिले आणि चिठ्ठी मला परत दिली. तीन महिन्यांत माझे तपासून मिळालेले लिखाण तेवढे एक.